दीडशे जोडे आणि एक थाप

"आक्का कुठाय?" दादांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि तिसऱ्यांदा घरातल्या प्रत्येकाला एकदम काहीतरी काम आठवलं. दादांची बायको, जिला सगळं घर वहिनी म्हणे, उशांचे अभ्रे ओढून ओढून सरळ करू लागली. लेक चिमी फुलदाणी इकडची तिकडे ठेवू लागली. वेगळा राहणारा पण आज बोलणीसाठी सकाळीच आलेला धाकटा भाऊ वर्तमानपत्राच्या मागे गेला. धाकट्याची ड्रायव्हिंग स्कूल होती, आणि समोरचं माणूस तापलं की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. आत्ता तो पाय सोफ्याखाली गच्च दाबलेला होता.

रविवारचे साडेनऊ वाजले होते. चार वाजता चिमीच्या होणाऱ्या सासरची माणसं बोलणी पक्की करायला येणार होती. दादा पहाटेपासून घरभर फेऱ्या मारत होते, घड्याळ बघत होते, आणि दर फेरीला नवीन चूक शोधत होते.

"अहो, बसा की जरा," वहिनी म्हणाली.

"बसतो. आक्का आली की बसतो. हेडमास्तर खास तिला भेटायला येतायत!"

खरी गोम इथेच होती. मुलाचे वडील निवृत्त हेडमास्तर. पहिल्या भेटीत त्यांनी सहज विचारलं, "घरात आणखी कोण असतं?" आणि बुटांच्या तीन मजली दुकानाचे मालक असलेले आमचे दादा बोलून गेले, "माझी थोरली बहीण. शाळेत शिक्षिका होती." हेडमास्तरांचा चेहरा असा खुलला की थाप मागे घ्यायची सोयच उरली नाही.

आक्काने जन्मात खडू हातात धरला नव्हता. वडील गेले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांची जोडे शिवायची बैठक होती, त्या बैठकीवर दुसऱ्या दिवशी ती जाऊन बसली. आरीने भोकं पाडून, रापीने चामडं कापून तिनं लोकांचे जोडे शिवले आणि त्यावर दोन्ही भावांना शिकवलं. पुढे लग्न झालं, नवरा लवकर गेला, ती परत आली आणि पुन्हा बैठकीवर बसली. दादांनी दुकान उघडलं त्या दिवशी चारचौघांसमोर तिचे दोन्ही हात धरून ते म्हणाले होते, "आक्का, आजपासून या हातांत कुणाचा जोडा येणार नाही." बावीस वर्षं त्यांनी शब्द पाळला. दुकानापेक्षा त्यांना या शब्दाचा अभिमान जास्त होता.

"ती गुरुद्वारात गेलीय," शेवटी धाकटी म्हणाली.

धाकटी म्हणजे धाकट्याची बायको. ती शीख घरातली. या लग्नापायी दादा दोन वर्षं धाकट्याशी बोलले नव्हते. नंतर बोलू लागले, पण अजूनही ती दोघं आलेली असताना घरात काही फुटलं, सांडलं की त्यांची नजर आधी तिच्याकडे जायची.

"देवदर्शन? आजच? बरं, किती वाजता येईल?"

"दर्शनाला नाही गेल्या," धाकटीने मनगटावरचं लोखंडी कडं एकदा फिरवलं. "जोडाघरात आहेत. लोक आत जाताना जोडे काढून देतात ना, ते घेऊन, पुसून, कप्प्यात ठेवतात. तीन महिने झाले जातायत."

दादा मटकन बसले. मग लगेच उठले.

"तीन महिने! आणि तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

उशीचा अभ्रा, फुलदाणी आणि वर्तमानपत्र, तिन्ही एकदम थांबले.

"म्हणजे मीच तेवढा येडा! माझी बहीण गावाचे जोडे पुसते आणि मी हेडमास्तरांना सांगतोय ती शिक्षिका! आणि हे सगळं हिच्यामुळे!" बोट धाकटीकडे वळलं.

"दादा, तिला बोलायचं काम नाही," वर्तमानपत्र खाली आलं. "आक्काला कुणी ओढून नाही नेलं."

"आणि खोटं काही आम्ही नाही सांगितलं," वहिनी उशीकडे बघत पुटपुटली. सख्खी बायको फितूर झालेली पाहून दादांनी लेकीकडे बघितलं.

मग चिमीने सांगितलं. "बाबा, आत्या निरोप ठेवून गेलीय. म्हणाली, चारला मी येईन, पण शिक्षिका म्हणून येणार नाही. दादाला थाप चालूच ठेवायची असेल तर माझी पेटी धाकट्याकडे पाठवून द्या, मी तिकडेच राहीन."

दादांनी आक्काच्या खोलीत डोकावलं. दारामागे पेटी भरून, कडी लावून तयार होती. वर घडी केलेली शालही ठेवलेली होती. आक्का धमकी देत नसे, ती फक्त तयारी करत असे.  आईचं तोंड त्यांना धड आठवत नव्हतं, त्यांच्यासाठी आई म्हणजे आक्काच होती.

"गाडी काढ," ते धाकट्याला म्हणाले. "तिला घेऊनच येतो."

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डावीकडेही ब्रेक असतो. दादा नेमके तिथे बसले आणि रागाच्या भरात तो दोनदा दाबला. दुसऱ्यांदा मागचा टेम्पो थोडक्यात वाचला.

"दादा, पाय वर घे, नाहीतर मागे बस!"

मागच्या सीटवरून धाकटी म्हणाली, "दादा, एक विचारू? दुकानात गिऱ्हाईक आलं की तुम्ही गुडघ्यावर बसून त्याच्या पायात बूट घालता ना?"

"तो धंदा आहे."

"आणि ही सेवा आहे."

"पगार देतात?"

"नाही."

"मग तर आणखीच वाईट!"

धाकट्याला हसू आलं, ते त्याने आरशात बघून गिळलं. धाकटी मात्र शांत होती. "आमच्यात मुळात तीनच गोष्टी सांगितल्यात, दादा. देवाचं नाव घ्या, कष्टाचं खा, आणि वाटून खा."

"आमच्यातही तेच सांगतात."

"सांगणारच. देव एकच म्हटल्यावर दुसरं काय सांगणार?"

दादांनी घड्याळ बघितलं. "पण जोडे पुसायला कशाला हवेत?"

"माणसाचा सगळ्यात चिवट आजार म्हणजे मीपणा. कुणी मोठा, कुणी हलका, हे सगळं त्यातूनच येतं. जोडाघर त्याचं औषध आहे. माझे बाबा कारखान्यात मोठे साहेब होते, दर रविवारी तिथे बसायचे."

"आक्काला कसला आलाय मीपणा?"

"त्या औषध म्हणून नाही जात."

"मग कशाला जाते?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा. तीन महिन्यांत कुणी विचारलं नाही."

जोडाघर म्हणजे पायऱ्यांशेजारची एक लांबट खोली. समोर खिडकी, आत भिंतभर लाकडी कप्पे, प्रत्येक कप्प्यावर नंबर. जोडा द्यायचा, त्या नंबरचं टोकन घ्यायचं. खिडकीत पांढऱ्या दाढीचे, निळी पगडी घातलेले एक आजोबा उभे होते. पस्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते, आणि अजून उतरले नव्हते. "पुढे सरका, पुढे सरका! दारात उभं राहायचं नाही!" असं ते आल्यागेल्याला ओरडत होते. त्यांच्यामागे डोक्यावर पदर घेऊन, हातात फडकं धरून आक्का एका धुळकट बुटाच्या शिवणीत अंगठा फिरवत होती. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की दादांना आणखी राग आला.

"आलास? जोडे दे," ती म्हणाली.

"तू घरी चल."

"सेवा संपली की येते. तू आधी आत जाऊन ये. दारापर्यंत येऊन कुणी परत जात नाही."

"आक्का, तुला मी शब्द दिला होता..."

"दिला होतास. मला विचारलं होतंस का?" तिचा आवाज चढला नाही, पण हातातलं फडकं थांबलं. "बावीस वर्षं तुझ्या सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसलेय मी. काही कमी केलं नाहीस, खोटं कशाला बोलू? पण हे हात रिकामे बसायचं शिकलेच नाहीत रे. देवाचं मला अजून फारसं कळत नाही. जोड्यांचं कळतं. इथे तेवढ्यावर भागतं."

"ओ साहेब," कंडक्टर आजोबा म्हणाले, "एक तर आत जा, नाहीतर हाताला काम घ्या. मागे गर्दी झालीय!"

खरोखरच मागे दहा-बारा माणसं होती. दादांनी गुपचूप बूट काढले आणि बहिणीच्या हातात दिले. बावीस वर्षांनी तिच्या हातात त्यांनी दिलेला पहिला जोडा तो. कान तापले त्यांचे. आक्काने बूट उलटा केला, सोलवर नख मारलं.

"तुझ्या दुकानातला ना? शिलाई कुठाय? नुसता चिकटवलाय."

"हल्ली सगळे असेच येतात."

"म्हणून सगळे सुटतात," आक्का म्हणाली आणि तिनं टोकन पुढे केलं.

धाकटीने त्यांच्या डोक्याला टोपलीतला रुमाल बांधला, हातपाय धुवायला लावले. आत मोठं दालन होतं. एका अंगाला गाणं-वाजवणं चाललं होतं, समोर चांदव्याखाली मऊ वस्त्रांवर एक मोठा ग्रंथ, आणि त्यामागे बसून एक बाई चवरी ढाळत होती. लोक येत, वाकत, कपाळ जमिनीला टेकत आणि मिळेल तिथे बसत.

"मूर्ती कुठाय?" दादा कुजबुजले.

"मूर्ती नसते. दहा गुरू झाले. दहाव्या गुरूंनी सांगितलं, यापुढे हा ग्रंथच गुरू. म्हणून त्याची अशी बडदास्त."

"आणि या बाई म्हणजे पुजारीण?"

"बँकेत कॅशियर आहेत. आमच्याकडे पुजारी असा वेगळा वर्ग नाही. ज्याला नीट वाचता येतं त्याने वाचावं, बाई असो की पुरुष."

दादा बसले. मांडी बदलली. घड्याळ बघितलं. साडेअकरा. हेडमास्तर वेळेचे पक्के. आक्काला काय सांगून न्यावं? आणि नेली तरी ती तोंड उघडणारच. पुन्हा मांडी बदलली. शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांना सरकायला जागा करून दिली, त्याला वाटलं यांचे गुडघे दुखतायत.

मग धाकटीने खाली जेवायला नेलं. लंगर म्हणतात त्याला. जमिनीवर लांबच लांब पट्ट्या अंथरलेल्या आणि सगळे एका ओळीत. दादांनी सवयीने खुर्ची शोधली. खुर्ची नव्हती. त्यांच्या एका बाजूला हातावर चुन्याचे डाग असलेला रंगारी बसला, दुसऱ्या बाजूला कडक इस्त्रीतली एक वकीलबाई. वाढणाऱ्याने पोळी पुढे केली आणि दादांनी ताट पुढे केलं.

"ताट नको जी. दोन्ही हात."

दादांनी इकडेतिकडे बघितलं. वकीलबाईंनीही ओंजळ धरली होती. मग त्यांनीही धरली. कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये म्हणून माणूस जन्मभर राबला, आणि इथे हात पसरल्याशिवाय पोळी मिळत नव्हती.  आक्का बैठकीवरून उठून, हात धुऊन, आधी त्यांना भरवायची, ते आठवलं आणि ते खाली मान घालून भराभरा जेवले.

वर आले तेव्हा खिडकीत आक्का एकटीच होती. आजोबा पाणी वाढायला गेले होते.

"जेवलास? आता पंधरा-वीस मिनिटं इथं उभा राहा. सकाळपासून पोटात अन्न नाही माझ्या. मी जेवून येते, मग घरी जाऊ. आत अरदास, म्हणजे शेवटची प्रार्थना, व्हायचीय. तोवर कुणी बाहेर येत नाही."

आक्का घरी येते म्हणाल्यावर दादा कशालाही तयार होते. ते आत जाऊन उभे राहिले.

पाच मिनिटं बरी गेली. मग त्यांची नजर कप्प्यांवर गेली. आणि काय तो गोंधळ! काळ्या बुटाशेजारी रबरी चप्पल. तिच्यावर लहान मुलाची सँडल. खाली बायकांची टाचेची, वर चिखलाचे बूट. दादांचे हात शिवशिवू लागले. एक जोडा उचलला. मग दुसरा. मग काही भानच राहिलं नाही. पुरुषांचे काळे एका ओळीत, तपकिरी दुसऱ्या, आकाराप्रमाणे डावीकडून उजवीकडे. बायकांचा माल डोळ्यांसमोर, कारण तो नेहमी डोळ्यांसमोरच ठेवायचा असतो. मुलांचा खाली. वीस मिनिटांत दीडशे जोडे असे लागले की काच लावली असती तर दुकान म्हणून खपलं असतं. सकाळपासून पहिल्यांदाच दादांना बरं वाटलं.

वरचं दार उघडलं. सगळ्यांचं भलं होवो, अशी प्रार्थना करून माणसं पायऱ्या उतरू लागली. पहिला आला तो सहा फुटी गडी.

"सदतीस नंबर."

दादांनी ऐटीत सदतीस नंबरच्या कप्प्यात हात घातला. हातात फुलपाखरू लावलेली गुलाबी सँडल आली.

गड्याने सँडलकडे बघितलं, दादांनी गड्याकडे. मग दादांनी भिंतीकडे बघितलं आणि त्यांना घाम फुटला.

"एकशे चार."

"बारा, आणि मुलाचा तेरा."

"ओ भाईसाहेब, मला गाडी गाठायचीय!"

आजोबा धावत आले. भिंत बघून त्यांनी दाढीला हात लावला. "कुणी केलं हे?"

"मी... जरा नीट लावले," दादा म्हणाले.

"नीट! पस्तीस वर्षं तिकिटं फाडली मी, पण सगळी बस रिकामी करून उंचीप्रमाणे कुणी बसवलेली नाही पाहिली!"

लोक हसले, पण दीडशे माणसं अनवाणी उभी होती आणि मागून आणखी येत होती. दादांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तेवढ्यात आक्का आली. हात अजून ओले. तिनं भिंत बघितली, भावाचं तोंड बघितलं, आणि ती रागावली नाही. त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"नंबर सोड. पाय बघ," ती म्हणाली.

वडिलांच्या बैठकीशेजारी बसून दोघं हाच खेळ खेळायची. येणाऱ्याचा पाय बघायचा आणि त्याचा जोडा ओळखायचा. दादा खिडकीबाहेर आले आणि फरशीवर गुडघे टेकून बसले.

"रुंद पंजा, करंगळी वाकडी," त्यांनी आत सांगितलं. "तपकिरी, वरून दुसरी ओळ!"

"तिसरी," आक्का म्हणाली. "उजवी टाच बाहेरून झिजलीय बघ. घ्या हो, हेच ना?"

"हेच!" गडी चकित झाला.

"पुढचा पाय!" आजोबा ओरडले. त्यांना आता मजा येऊ लागली होती.

दादा बघत होते, सांगत होते, कुणाच्या पायात स्वतः घालत होते. भोवरी, फुगलेला घोटा, ओढून टाकलेलं पाऊल. चाळीस वर्षांत विसरले असं वाटलेलं सगळं हातात जसंच्या तसं होतं. रंगारी आला, वकीलबाई आल्या. एका म्हाताऱ्याला चुकून दुसऱ्याचे बूट गेले. त्याने घालून बघितले आणि म्हणाला, "माझे नाहीत, पण माझ्यापेक्षा बरे आहेत, ठेवू का?" तासाभरात भिंत रिकामी झाली. उरला तो एकच जोडा, दादांचा. तो घालून ते उठले आणि दोन पावलांत डाव्या बुटाचा सोल पुढून उघडला.

"बघ," आक्का म्हणाली. बाकी काही बोलली नाही.

घरी पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. पेटी दारामागे तशीच होती. दादांनी कपडे बदलले, दोनदा पाणी प्यायले, आरशासमोर उभं राहून काहीतरी पुटपुटले. वहिनीने विचारलं, "काय ठरवलंत?" "काही नाही," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. स्थळ चांगलं होतं, मुलगा चिमीला आवडला होता. एका थापेने सगळं जागच्या जागी राहत होतं, फक्त पेटी जाणार होती.

हेडमास्तर चारला दोन मिनिटं कमी असताना आले. चहा झाला, हवापाण्याचं झालं. मग ते आक्काकडे वळले.

"आणि ताई, आपला विषय कोणता? भाषा की गणित?"

आक्काने हात मांडीवर ठेवले. तिनं हेडमास्तरांकडे बघितलं नाही, दादांकडे बघितलं. त्या बघण्यात मागणी नव्हती, आणि तेच दादांना सोसवेना.

"सर," दादा म्हणाले.  "मी थाप मारली होती. आक्का शिक्षिका नव्हती. रस्त्यावर बसून लोकांचे जोडे शिवायची. त्यावर मी शिकलो. आज सकाळीही ती जोडेच ठेवत होती, गुरुद्वारात, फुकट. मी तिला आणायला गेलो आणि दीडशे माणसांना अनवाणी उभं करून आलो. लाज वाटली ती तिची नव्हती, माझीच होती. सांगायला उशीर झाला."

हेडमास्तरांच्या बायकोने कप खाली ठेवला. मुलगा चिमीकडे बघत होता. हेडमास्तर फक्त "हं" म्हणाले, वर्गात चुकीचं उत्तर आल्यावर म्हणतात तसं की बरोबर आल्यावर, ते काही कळेना. दहा मिनिटांत सगळे उठले. "कळवतो," ते दारात म्हणाले. कळवतो म्हणजे काय ते लग्नाच्या बाजारात पोरासोरांनाही कळतं.

दार लागलं. 

"चुकलो का गं, चिमे?" दादांनी विचारलं.

चिमीचे डोळे भरले होते. "आधीच सांगायला हवं होतंत, बाबा," ती म्हणाली आणि कपबश्या उचलू लागली. धाकटी तिच्या मदतीला गेली. दादा म्हणाले, "राहू दे गं, तू दमलीस सकाळपासून." सहा वर्षांत पहिल्यांदा ते तिच्याशी असं बोलले होते.

आक्का आपल्या खोलीत गेली. पेटीची कडी वाजली. दादा धावत दारात गेले. आक्का पेटी उघडून जमिनीवर बसली होती. कपड्यांच्या तळातून तिनं एक कापडी गुंडाळी काढली. आत वडिलांची आरी, एक जाड सुई आणि मेण लावलेला दोरा होता.

"आण तो बूट," ती म्हणाली.

दादा बूट घेऊन तिच्यासमोर बसले. सुईचं नेढं तिला दिसेना. त्यांनी सुई हातातून घेतली, दोरा ओवून दिला, आणि बूट दोन्ही हातांनी घट्ट धरला. आरी सोलमधून आरपार गेली. पहिला टाका पडला. मग दुसरा.

बाहेर फोन वाजला. सकाळपासून प्रत्येक आवाजाला दचकून उठणारे दादा उठले नाहीत. चिमी धापा टाकत दारात आली.

"बाबा! त्यांचा फोन आहे, हेडमास्तरांचा. तुम्हालाच बोलावतायत."

"सांग त्यांना," दादा बुटावरची पकड न सोडता म्हणाले, "हातात जोडा आहे. झाला की करतो."